वेश्या, वारांगना, सेक्स वर्कर: कोणता शब्द कुठे वापरायचा

एखाद्या लॉजवर पिटाची, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखालची, धाड पडते. तिथे सापडलेली बाई पोलिसांच्या कागदात 'पीडित महिला' होते, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'वारांगना', एड्स नियंत्रणाच्या रजिस्टरमध्ये 'एफएसडब्ल्यू' (फीमेल सेक्स वर्कर), संघटनेच्या पत्रकात 'सेक्स वर्कर' आणि गल्लीत 'धंदेवाली'. बाई तीच, पण प्रत्येक शब्द तिच्याबद्दल काहीतरी ठरवून मोकळा होतो. 'पीडित' म्हटलं की तिच्यावर अन्याय झाला हे गृहीत धरलं जातं. 'सेक्स वर्कर' म्हटलं की ती हे काम म्हणून करते असं मानलं जातं. 'धंदेवाली' म्हणणाऱ्याला तर माहिती द्यायचीच नसते, त्याला तिची पायरी दाखवायची असते.

बातमी, अहवाल, अर्ज, भाषण, शाळेतला निबंध, काहीही लिहिताना नेमका शब्द निवडायचा तर तीन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. ती व्यक्ती सज्ञान आहे का? हे काम ती स्वतः करते, की कुणी तिच्याकडून करवून घेतं? आणि आपण जे वाक्य लिहितो आहोत, त्यात तिच्या व्यवसायाचा काही संबंध आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर कुठलाच शब्द लागत नाही. बसखाली सापडून जखमी झालेली बाई ही जखमी महिला असते. ती कोणत्या वस्तीत राहते आणि पोटासाठी काय करते, हे त्या बातमीत सांगायचं काही कारण नाही.

जुने शब्द आणि त्यांचे अर्थ

'वेश्या' हा शब्द संस्कृतातल्या 'वेश' वरून आला. वेश म्हणजे गणिकांची घरं किंवा त्यांची वस्ती, आणि तिथे राहणारी ती वेश्या. पोशाख या अर्थाचा वेश इथे लागू नाही. म्हणजे मुळात हा शब्द राहण्याच्या जागेवरून पडलेला आहे, त्यात शिवी नव्हती.

प्राचीन भाषेत या व्यवसायातल्या बायकांसाठी एकच शब्द नव्हता, दर्जाप्रमाणे निरनिराळे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'गणिकाध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. गणिका ही राजाच्या सेवेतली, नृत्य-गायनात तयार झालेली बाई. तिची नेमणूक एक हजार पणांवर (पण म्हणजे तेव्हाचं नाणं) होई. 'रूपाजीवा' म्हणजे रूपावर उपजीविका करणारी. ती स्वतंत्रपणे व्यवसाय करी आणि दोन वेळच्या मोबदल्याइतकी रक्कम दर महिन्याला राज्याला कर म्हणून भरी. गणिका आणि रूपाजीवा यांत फरक होता तो असा. आज आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने, 'वेश्या'चे प्रतिष्ठित पर्याय म्हणून वापरतो, ते चूक आहे.

'वारांगना', 'वारस्त्री', 'वारवधू' या शब्दांतला 'वार' म्हणजे समूह किंवा पाळी. म्हणजे अनेकांची स्त्री. 'पण्यांगना' मधलं 'पण्य' म्हणजे विकाऊ माल. आज वर्तमानपत्रांत जो 'देहविक्रय' दिसतो तो याच कल्पनेचा नवा अवतार आहे. लोकांना तो सभ्य वाटतो, कारण तो तत्सम आहे. पण बाईने देह विकला असं म्हणण्यात एक ढोबळ चूक आहे. विकलेली वस्तू विकत घेणाऱ्याची होते, आणि इथे तसं काही होत नाही. ठरलेल्या वेळापुरती, ठरलेल्या मोबदल्यात ती सेवा देते. 'देहविक्रय' म्हटलं की गिऱ्हाइकाला तिच्या शरीरावर मालकी मिळाल्याचा भास होतो. ती नको म्हणाली तरी पैसे दिले आहेत ना, हा युक्तिवाद तिथूनच येतो. कायद्यात त्याला जागा नाही. कामाचं स्वरूप काहीही असो, संमतीशिवाय केलेला समागम बलात्कारच ठरतो.

फारसी-अरबी वळणाच्या मराठीत 'कसबीण' आली. अरबी 'कस्ब' म्हणजे कमाई. मराठीत 'कसब' म्हणजे अंगचं कौशल्य आणि 'कसबी कारागीर' हे कौतुक. स्त्रीलिंगी 'कसबीण' मात्र वेश्या. शब्दाला स्त्रीलिंग लागलं की अर्थ घसरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल. 'नायकीण' आणि 'कलावंतीण' यांचंही तेच झालं. मुळात गाणारी, नाचणारी, कला जाणणारी, आणि नंतर कुजबुजीचा विषय. 'कुंटीण' हा संस्कृत 'कुट्टनी'चा वंशज. ती वेश्या नव्हे, तर गाठ घालून देणारी. तिच्यावरूनच 'कुंटणखाना' आला. म्हणून कुंटणखाना हा शब्द वापरताना तिथे कुणीतरी चालवणारा किंवा चालवणारी आहे हे अध्याहृत असतं. एकटी बाई स्वतःच्या खोलीत काम करत असेल तर ते घर कुंटणखाना नव्हे.

'रांड' हा शब्द आता फक्त शिवी म्हणून उरला आहे. संस्कृत 'रण्डा' म्हणजे विधवा, आणि मराठीतही 'रांडाव', 'रंडकी', 'रांडमुंड' यांत तो अर्थ अजून शिल्लक आहे. नवरा नसलेली बाई म्हणजे कुणाचाही हात पोचेल अशी बाई, या समजुतीतून विधवेच्या शब्दाची वेश्येसाठी शिवी झाली. जुन्या पत्रांत किंवा पोथ्यांत 'रांड' भेटली तर अर्थ लावण्यापूर्वी मागचा-पुढचा मजकूर वाचावा. बऱ्याचदा तिथे फक्त विधवा अभिप्रेत असते.

पुरुषाच्या बाजूने काय शब्द आहेत तेही बघा: 'छंदीफंदी', 'रंगेल', 'बाहेरख्याली'. यातला एकही शब्द ऐकून कुणाला घर सोडावं लागत नाही, मुलीचं लग्न मोडत नाही.

देवाच्या नावाने

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना सर्वांत जास्त गोंधळ देवदासी, जोगतीण, मुरळी आणि भावीण या शब्दांचा होतो. चारही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत आणि त्यांपैकी कुणासाठीही 'वेश्या' हा समानार्थी शब्द नाही. मुरळी खंडोबाला वाहिलेली. तिचं लग्न देवाशी लागलेलं मानतात आणि ती वाघ्यासोबत जागरणात गाते. जोगतीण यल्लम्माची. गळ्यात मोत्यांची माळ, डोक्यावर जग (देवीचा मुखवटा मांडलेली टोपली), जोगवा मागून जगणं. सौंदत्तीची यात्रा तिची मुख्य यात्रा, म्हणून ही प्रथा कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागात जास्त दिसते. जोगतिणीचं पुरुष रूप म्हणजे जोगत्या. भावीण गोवा आणि तळकोकणातल्या देवळांशी जोडलेली. देवदासी हा या सगळ्यांना व्यापणारा, अभ्यासकांनी आणि कायद्याने वापरलेला शब्द.

देवाला सोडलेल्या अनेक मुली पुढे शहरांतल्या वस्त्यांत पोचल्या हे खरं आहे. म्हणूनच १९३६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत देवदासी, मुरळ्या आणि जोगतिणींच्या सभेत हे जिणं सोडण्याचं आवाहन केलं होतं. मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ चा, आणि महाराष्ट्राचा देवदासी समर्पण प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा. पण 'समर्पण' ही प्रथा आहे आणि वेश्याव्यवसाय हा पोटापाण्याचा मार्ग. पहिल्यावरून दुसरा गृहीत धरला की गावात जोगवा मागून जगणाऱ्या म्हातारीवर नसता शिक्का बसतो. देवदासी म्हणून निर्वाह अनुदान मागणारी बाई आणि सेक्स वर्कर म्हणून रेशनकार्ड मागणारी बाई, दोघींचे कागद वेगळे, हक्क वेगळे. एकीचा शब्द दुसरीच्या अर्जात लिहिला तर अर्ज अडकतो.

असाच घोळ कलावंतांच्या बाबतीत होतो. लावणी कलावंत, तमाशातली नर्तकी, बारबाला, ऑर्केस्ट्रात गाणारी मुलगी: ही सगळी करमणुकीची कामं आहेत. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. त्या सगळ्या वादात 'बारबाला' हा शब्द इतका घासला गेला की तो ऐकताच लोक पुढचा निष्कर्ष स्वतःच काढतात. 'बारमध्ये नाचणाऱ्या' असं साधं लिहिलं तर ते टळतं. 'ठेवलेली' आणि जुन्या मराठीतलं 'अंगवस्त्र' हे शब्द तर एका पुरुषाशी दीर्घ काळ बांधलेल्या बाईबद्दलचे आहेत. त्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही.

कायद्यातला अर्थ

ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात तो म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. त्याचं मूळ नाव स्त्रिया आणि मुलींच्या अनैतिक व्यापारापुरतं होतं. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया आणि मुली' जाऊन तिथे 'व्यक्ती' आली आणि व्याख्याही उलटली. आधीच्या व्याख्येनुसार मोबदला घेऊन आपलं शरीर सरसकट समागमासाठी देऊ करणाऱ्या स्त्रीचं कृत्य म्हणजे वेश्याव्यवसाय. दुरुस्तीनंतर व्यापारी हेतूने व्यक्तींचं लैंगिक शोषण किंवा गैरवापर म्हणजे वेश्याव्यवसाय. पहिल्या व्याख्येत कर्ता बाई होती. दुसऱ्या व्याख्येत शोषण करणारा कुणीतरी दुसरा आहे आणि ती शोषित.

त्यामुळे 'भारतात वेश्याव्यवसाय बेकायदा आहे' हे वाक्य सरसकट लिहिता येत नाही. सज्ञान व्यक्तीने, खाजगी जागेत, स्वतःहून पैसे घेऊन लैंगिक सेवा देणं हा या कायद्यात गुन्हा नाही. गुन्हे आहेत ते तिच्या भोवतीचे: कुंटणखाना चालवणं (कलम ३), तिच्या कमाईवर जगणं (कलम ४), तिला या कामासाठी मिळवणं, आणणं (कलम ५), शाळा, देऊळ, इस्पितळ अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत किंवा अधिसूचित भागात हा व्यवसाय करणं (कलम ७), आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणं, बोलावणं (कलम ८). मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये एका निकालात हेच स्पष्ट केलं. वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा ठरवणारी तरतूद या कायद्यात नाही, आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा अधिकार आहे, असं म्हणत न्यायालयाने तीन तरुणींना वसतिगृहात वर्षभर ठेवण्याचा आदेश रद्द केला.

एक गाठ मात्र इथे बसते, आणि ती व्याख्येतच आहे. कुंटणखाना म्हणजे दुसऱ्याच्या फायद्यासाठी वापरलेली जागा, किंवा दोन वा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागा. म्हणजे दोघी मैत्रिणींनी सुरक्षिततेसाठी एकत्र खोली घेतली, भाडं निम्मं निम्मं भरलं, तर ती खोली कायद्याने कुंटणखाना होऊ शकते आणि त्या दोघी चालवणाऱ्या. 'कुंटणखाना चालवणाऱ्या महिलेला अटक' अशी बातमी लिहिताना ही शक्यता तपासून घ्यायला हवी. ती खरोखर मालकीण होती, की फक्त भाडेचिठ्ठीवर तिचं नाव होतं?

कायद्यातलाच आणखी एक फसवा शब्द म्हणजे पोलिसांच्या कक्षाच्या नावात दिसणारी 'अनैतिक मानवी वाहतूक'. इंग्रजीतून आलेल्या 'ट्रॅफिकिंग'चं हे शब्दशः भाषांतर. वाचणाऱ्याला वाटतं, एका गावातून दुसऱ्या गावात नेलं तरच हा गुन्हा. प्रत्यक्षात भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे शोषणासाठी, धाक, बळ, फसवणूक, अपहरण, सत्तेचा गैरवापर किंवा आमिष यांचा वापर करून एखाद्याला भरती करणं, नेणं, आसरा देणं, हस्तांतरित करणं किंवा ताब्यात घेणं, यांतलं काहीही एक पुरेसं आहे. राहत्या गल्लीतल्या मुलीला फसवून शेजारच्या घरात ठेवलं तरी ती ट्रॅफिकिंगच. 'तस्करी' हा शब्दही नेमका नाही, कारण तस्करी सीमेवरून मालाची होते. 'अपव्यापार' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. तो अजून रुळलेला नाही, पण वापरल्याशिवाय रुळणारही नाही. सर्वसामान्य वाचकासाठी लिहायचं असेल तर 'फसवून आणून धंद्याला लावलं' हे कुठल्याही जड संज्ञेपेक्षा जास्त कळतं.

'सेक्स वर्कर' कुठून आला आणि त्यावर भांडण काय

'सेक्स वर्क' हा शब्द अमेरिकेतल्या कॅरोल ली या कार्यकर्तीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केला. त्या स्वतः या व्यवसायात होत्या. बाईची ओळख तिच्या चारित्र्यावरून न ठरवता तिच्या कामावरून सांगावी, हा हेतू. भारतात तो एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमांसोबत आणि बायकांच्या संघटनांसोबत पसरला. कोलकात्यात १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली आणि बंगालीत 'यौनकर्मी' रूढ झाला. हिंदीनेही तो घेतला.

मराठीत मात्र असा शब्द बसला नाही. 'यौनकर्मी' मराठी कानाला परका वाटतो, 'लैंगिक कामगार' लिहिलं तर वाचणारा अडखळतो. म्हणून 'सेक्स वर्कर' हाच शब्द देवनागरीत रुळला. आमच्या मते त्यात काही वावगं नाही. ड्रायव्हर, नर्स, कंडक्टर जसे मराठी झाले तसाच हाही.

गंमत नव्हे, शिकण्यासारखी गोष्ट अशी की सांगलीत १९९६ मध्ये या बायकांनी स्वतःची संघटना केली तेव्हा नाव ठेवलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. त्यांनी पर्याय शोधला नाही, ज्या शब्दाने त्यांना हिणवलं जात होतं तोच पाटीवर लिहिला. त्यामुळे 'वेश्या' शब्द कायमचा हद्दपार करा असं सांगणाऱ्यांनी थोडं थांबायला हवं. संघटनेच्या नावात, जुन्या ग्रंथाच्या संदर्भात, कायद्याच्या उद्धृतात तो जसाच्या तसा ठेवावा. तो बदलणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा शब्द बदलणं. पण बाहेरच्या माणसाने एखाद्या जिवंत, नावगाव असलेल्या बाईला तो लावणं वेगळं.

'सेक्स वर्कर' या शब्दाला विरोधही गंभीर आहे. बाल-अपव्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांचं म्हणणं असं की 'वर्कर' म्हटलं की कामगाराची निवड, पगार, राजीनामा देण्याची मुभा हे सगळं गृहीत धरलं जातं, आणि विकून आणलेल्या, कर्जात अडकवलेल्या, दाराबाहेर जाऊ न दिलेल्या मुलीला यातलं काहीच नसतं. हा वाद सर्वोच्च न्यायालयातच दिसला. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने लिंगभावविषयक साचेबद्ध शब्द टाळण्यासाठी पुस्तिका काढली. तिच्यात 'प्रॉस्टिट्यूट' आणि 'हूकर' ऐवजी 'सेक्स वर्कर' सुचवला होता. अपव्यापारविरोधी संस्थांनी हरकत घेतली आणि काही महिन्यांतच तो पर्याय बदलला. त्याजागी अपव्यापारातून वाचलेली व्यक्ती, व्यापारी लैंगिक व्यवहारात असलेली स्त्री, किंवा व्यापारी लैंगिक शोषणात ढकललेली स्त्री, असे परिस्थितीनुसार तीन पर्याय आले.

या बदलातलं शहाणपण आम्हाला पटतं. एका शब्दात सगळ्या बसत नाहीत. मात्र उलट टोकाला जाऊन प्रत्येकीला 'पीडित' म्हणणं हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. सज्ञान बाई सांगते की मी हे काम करते, मला रेशनकार्ड हवं, पोलिसांनी हप्ता मागू नये. आणि आपण तिला 'पीडिता' म्हणतो, तेव्हा तिचं म्हणणं आपण ऐकलेलंच नसतं.

मराठी क्रियापद काय सांगतं

नामावर इतकी चर्चा होते, पण मराठीत खरी माहिती क्रियापदात असते, आणि तिकडे लिहिणाऱ्यांचं लक्ष नसतं. ही चार वाक्यं घ्या:

ती धंदा करते.
ती धंद्यात आहे.
ती धंद्यात आली.
तिला धंद्याला लावलं.

पहिल्यात ती कर्ती आहे. दुसऱ्यात फक्त स्थिती सांगितली आहे, कारण सांगितलेलं नाही. तिसऱ्यात येण्याची क्रिया तिची, पण ती का आली हे मोकळं ठेवलं आहे. चौथ्यात कुणीतरी दुसऱ्याने हे केलं, आणि तो कोण याचं उत्तर वाक्याने द्यायला हवं. 'लावलं', 'बसवलं', 'आणलं', 'सोडलं', 'विकलं' या क्रियापदांचा कर्ता लिहिणारे बहुतेक वेळा गाळतात. 'तिला देवाला सोडलं.' कुणी? 'तिला मुंबईत विकलं.' कुणी, किती पैशांना, कुणाला? कर्ता गाळला की गुन्हेगार वाक्यातून पसार होतो आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर फक्त बाई उरते.

म्हणून नियम सोपा आहे. जबरदस्ती झाल्याचं ठाऊक असेल तर प्रयोजक क्रियापद वापरा आणि कर्ता लिहा: 'ओळखीच्या माणसाने नोकरीच्या आमिषाने आणून तिला धंद्याला लावलं.' ती स्वतः काम करते असं तिचं म्हणणं असेल तर साधं 'करते' लिहा. आणि काहीच ठाऊक नसेल तर 'या व्यवसायात असलेली' इथेच थांबा. 'नाइलाजाने', 'परिस्थितीने', 'वाममार्गाला लागलेली' ही भर मनाने घालू नका. 'वाममार्ग', 'पतिता', 'शीलभ्रष्ट' हे शब्द तर तिच्याबद्दल काहीच सांगत नाहीत, लिहिणाऱ्याची नजर तेवढी सांगतात.

वस्तीतल्या बोलीतही फसवे शब्द आहेत. 'घरवाली' म्हणजे तिथे बायको नव्हे, खोल्या चालवणारी बाई. सांगली-कोल्हापूरकडे 'माझा मालक' म्हणते तेव्हा ती तिच्या कायमच्या जोडीदाराबद्दल बोलत असते, कुंटणखान्याच्या मालकाबद्दल नव्हे. जबाब लिहून घेणाऱ्याने हे शब्द न विचारता कागदावर उतरवले तर जोडीदार आरोपी होऊन बसतो. जबाबात शब्द तसाच ठेवावा आणि पुढे तिने सांगितलेला अर्थ लिहावा.

बातम्यांत नेहमी होणाऱ्या चुका

'लॉजवर छापा, सहा वारांगना ताब्यात' असा मथळा घ्या. त्यातून गुन्हेगार कोण ते कळत नाही. पिटाखालच्या छाप्यात आरोपी असतो चालवणारा किंवा दलाल. बायकांना तिथून हलवून दंडाधिकाऱ्यापुढे हजर करतात, वयाची तपासणी होते, चौकशी होते आणि मग संरक्षणगृहात पाठवायचं की नाही हे ठरतं. तेव्हा मथळा हवा: 'लॉजवर छापा, चालकाला अटक, सहा महिलांना दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं'. 'सुटका' हा शब्दही तपासून वापरावा. जी स्वतः निघून जाऊ शकत नव्हती तिची सुटका होते. जी रोज घरून येऊन काम करत होती आणि आता संरक्षणगृहात अडकली, तिची सुटका झाली असं तिला तरी वाटणार नाही.

संरक्षणगृहाला 'सुधारगृह' म्हणणं ही आणखी एक सर्रास चूक. कायद्यात दोन्ही संस्था वेगळ्या आहेत. सुधार संस्था ही कलम ७ किंवा ८ खाली दोषी ठरलेल्या स्त्रीसाठी. संरक्षणगृह हे काळजी आणि संरक्षणासाठी. दोषी न ठरलेल्या बाईला 'सुधारगृहात रवानगी' लिहिलं की निकाल लागण्याआधीच तिला शिक्षा सुनावल्यासारखं होतं.

'वारांगना' आणि 'वीरांगना' यांच्यात एका वेलांटीचा आणि एका कान्याचा फरक. महिला दिनाच्या फलकावर 'वीरांगनांचा सत्कार' ऐवजी दुसरा शब्द छापला गेला तर काय होईल हे सांगायला नको. 'वारांगना' हा शब्द मुळात बोलीत कुणी वापरत नाही. तो जपून, सोवळ्यात बोलल्यासारखा वाटतो म्हणून वर्तमानपत्रांनी उचलला. ज्या बाईबद्दल तो लिहिला जातो तिलाही बऱ्याचदा तो कळत नाही. ज्याच्याबद्दल लिहितो त्याला कळेल असा शब्द वापरणं ही किमान सभ्यता आहे.

ओळख उघड करण्याबाबत तर पर्यायच नाही. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की छापा, अटक किंवा सुटका यांच्या वेळी सेक्स वर्करची ओळख उघड होईल असं चित्र किंवा मजकूर माध्यमांनी प्रसिद्ध करू नये, मग ती पीडित असो वा आरोपी. चेहरा पुसट केला पण साडी, गोंदण, गल्लीची पाटी दिसली, तर ओळखणाऱ्याला तेवढं पुरतं. याच आदेशाने आधार कार्डाचा मार्गही मोकळा केला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचा प्रकल्प संचालक यांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर, राहण्याचा पुरावा नसला तरी आधार मिळायला हवं, आणि कार्डावर ती सेक्स वर्कर आहे हे कळेल असा कोणताही संकेतांक असता कामा नये.

आरोग्याच्या कागदातले शब्द वेगळे. तिथे 'एफएसडब्ल्यू' म्हणजे स्त्री सेक्स वर्कर, आणि काम कुठे होतं यावरून पोटगट: कुंटणखान्यातली, रस्त्यावरची, घरातून करणारी, लॉजवरची, ढाब्यावरची. निरोध किती लागतील, तपासणी कुठे ठेवायची हे ठरवायला ही वर्गवारी उपयोगी आहे. ती त्या रजिस्टरमध्येच राहावी. 'अतिजोखमीचा गट' ही संज्ञा तर बाहेर आलीच नाही तर बरं, कारण बाहेर तिचा अर्थ 'यांच्यापासून धोका' असा लागतो.

लहान मुली, पुरुष, तृतीयपंथी

१८ वर्षांखालील मुलीसाठी 'बालवेश्या', 'अल्पवयीन वेश्या', 'बाल सेक्स वर्कर' यातलं काहीही चालत नाही. पोक्सो कायद्याप्रमाणे, २०१२ पासून, १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या संमतीला अर्थच नाही. तिथे काम नाही, व्यवसाय नाही, गिऱ्हाईक नाही. लैंगिक शोषण झालेलं मूल आहे आणि अत्याचार करणारा आहे. 'अल्पवयीन मुलीकडे गेलेलं गिऱ्हाईक' असं लिहिणाऱ्याने आरोपीला खरेदीदार करून टाकलेलं असतं.

'वेश्या' हा शब्द स्त्रीलिंगीच आहे, त्याला पुल्लिंग नाही. पुरुष आणि तृतीयपंथी या व्यवसायात आहेत, पण जुन्या मराठीने त्यांच्यासाठी शब्द घडवला नाही. 'पुरुष सेक्स वर्कर', 'तृतीयपंथी सेक्स वर्कर' हेच लिहावं, आणि प्रत्येक तृतीयपंथी व्यक्ती हे काम करते असा सूर वाक्यात येऊ देऊ नये. मंगती (फिरून पैसे मागणं) आणि बधाई (लग्न, बारसं अशा प्रसंगी आशीर्वाद देऊन पैसे घेणं) ही त्यांची वेगळी कामं आहेत. पिटा कायद्याने १९८६ मध्ये 'व्यक्ती' हा शब्द घेतला खरा, पण कलम ८ मध्ये खुणावण्याच्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड ठेवून, पुरुषाने हाच गुन्हा केला तर सात दिवस ते तीन महिने असा वेगळा आकडा दिला आहे.

राहिली मुलं. 'वेश्येची मुलं' हा शब्दप्रयोग मदतीच्या जाहिरातींत, शाळाप्रवेशाच्या बातम्यांत, वसतिगृहाच्या पाटीवरही दिसतो. मुलाने काही केलेलं नसतं, तरी त्याची ओळख आईच्या कामावरून लिहिली जाते. 'वस्तीतली मुलं' किंवा नुसतं 'मुलं' एवढं पुरेसं आहे. ही मुलं मोठी झाली की कायद्यातला एक शब्द त्यांनाच लागू होतो. पिटाच्या कलम ४ प्रमाणे १८ वर्षांवरची जी व्यक्ती जाणूनबुजून दुसऱ्या व्यक्तीच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगते, ती दोन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरते. आईने कॉलेजची फी भरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि कमिशन खाणारा दलाल, कलमाच्या भाषेत दोघेही 'कमाईवर जगणारे'. पोलिसांच्या कागदात हा शब्द दिसला तर तो नेमका कुणाबद्दल आहे, दलालाबद्दल की मुलाबद्दल, हे विचारूनच पुढे छापावं.